जिऱ्याची भाकर

(रविवारची दुपार. प्रेमलाबाई चर्चमधून नुकत्याच परतल्या आहेत. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांचा मुलगा सलील याची गुजराती बायको योगिनी बॅग भरते आहे.)

प्रेमला : बॅग खाली ठेव आधी. मी तुझ्याशी बोलतेय, बॅगेशी नाही.

योगिनी : बोला ने मम्मी, ऐकते आहे. वाघोडियाची बस पकडायची आहे. कुणाल स्टँडवर घ्यायला येतो.

प्रेमला : तुझा भाऊ थांबेल. म्हाताऱ्या माणसाला उत्तर देऊन जा. भाकरीत जिरं कोणी टाकलं?

योगिनी : मीच. घरात दुसरं कोण होतं? सलील काल शिफ्टला होते, बाजव्याला.

प्रेमला : आणि मीठ? आणि तेल?

योगिनी : तेल नाही, तूप. थोडं मोण, तुमचं ते मोहन, घातलं.

प्रेमला : तूप म्हणे. अगं, चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर ती. पीठ आणि पाणी, संपलं. खुर्चीत बसून मी तुला एकेक सांगत होते ना?

योगिनी : घट्ट मळ सांगितलं. पातळ लाट सांगितलं. मळताना फालतू बडबड करू नको, गाणं म्हण, ते पण सांगितलं. मग गोळीने तुमचा डोळा लागला. मीठ नको, असं नव्हतं सांगितलं.

प्रेमला : ते काय सांगायचं असतं? आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

योगिनी : मी तुमच्यात कुठे आहे?

प्रेमला : ते राहू दे. जिऱ्याचं बोल.

योगिनी : आमच्याकडे ठाकोरजींना नैवेद्यात फिक्कं नाही धरवत, मम्मी. घरात जे चांगलं असेल ते पहिलं भगवानला. मला वाटलं, तुमच्या प्रभूला नुसतं पीठ-पाणी कसं द्यायचं? हात दुखतोय म्हणून मम्मींना विसर पडला असेल. म्हणून घातलं. वाईट मनाने नाही घातलं.

प्रेमला : मनाचं मी विचारलं का?

योगिनी : विचारलं नाही, तरी सांगते. माझा बाप्तिस्मा नाही, म्हणून मी मागच्या बाकावर होते. सगळं दिसत होतं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि जरा थांबले. पुढच्या बाकावरचे भास्करराव घास तोंडात धरून बायकोकडे बघत राहिले. आणि तुमची मान खाली गेली, ती वर आलीच नाही. तेव्हाच ठरवलं. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या हातचं खाल्लं नाही. वेगळा तवा ठेवला, मी काही बोलले नाही. हात मोडला तर चर्चमधल्या पद्माताईंचा डबा लावला, तेव्हाही नाही. पण आज सगळ्या मंडळीसमोर माझ्यामुळे तुमचं नाक कापलं गेलं. आता कोणत्या तोंडाने राहू? सलीलना फोनवर सांगितलं, थोडे दिवस माहेरी जाते. परत कधी, ते विचारू नका.

प्रेमला : झालं बोलून? बस आता. पलंगावर नको, इथे समोर बस. पद्माने मला दारातच गाठलं होतं. गोड आवाजात म्हणते, वहिनी, यंदा भाकर कुठून मागवली हो? तिला कधीचीच ती सेवा हवी आहे. हात बरा होईपर्यंत मी करीन, म्हणाली. माझं नाक एवढं लेचंपेचं नाही, पद्माच्या तोंडाने कापलं जायला. मी म्हटलं, मागवली नाही, माझ्या सुनेने केली. पुढल्या महिन्यातही तीच करणार.

योगिनी : काय म्हणालात?

प्रेमला : बहिरी आहेस? सुनेने, म्हटलं. पाळकसाहेब मागेच उभे होते. ते म्हणाले, पुढच्या वेळी जिरं राहू द्या, पण आज पोटाला बरं वाटतंय.

योगिनी : मग मान खाली का घातली होती?

प्रेमला : ते तुला कळायचं नाही. आणि मला नीट सांगता यायचं नाही, चौथीत शाळा सुटली माझी. असं बघ, सासूबाई गेल्यापासून ती भाकर मीच करते. मेजापाशी गुडघे टेकायचे, तोंड उघडायचं, आणि मनात काय? कशी पातळ झालीय, कुठे डाग नाही, पद्माला जन्मात जमायची नाही. पाळकसाहेब तोंडात घालायचे, पण मी आपली माझीच भाकर खाऊन उठायचे. आज दाताखाली जिरं आलं. म्हटलं, हे मी केलेलं नाही. ज्या हातचं पाणी मी घरात टाळते, त्या हातचा घास प्रभूने उचलला आणि माझ्या तोंडात ठेवला. गुडघ्यावर बसलेल्या बाईला थुंकता येतं का?

योगिनी : राग आला असेल.

प्रेमला : आला ना. गिळेपर्यंत होता. मग रडू आलं. म्हणून मान खाली. मंडळीला कशाला दाखवू?

योगिनी : मम्मी, खरं सांगा. चव कशी होती?

प्रेमला : तुझ्या हातची, आणि मला विचारतेस?

योगिनी : मी कुठे खाल्ली? धरवायच्या आधी चाखत नाहीत ने. आणि तिथे मला मिळत नाही.

प्रेमला : म्हणजे सगळ्या चर्चला जेवू घातलंस आणि एकटी उपाशी आलीस. तुझ्या बाप्तिस्म्यात मी पडणार नाही, तो तुझा आणि प्रभूचा मामला. पण पोटाचं मला कळतं. सकाळी काय शिजवलंस?

योगिनी : डाळ-भात. बटाट्याचं शाक. सलीलसाठी.

प्रेमला : सलील येईल तेव्हा त्याला गरम कर. आता दोन ताटं घे.

योगिनी : तुमचा डबा आहे ने, पद्माताईंचा.

प्रेमला : आहे तिथे राहू दे. वाढ.

योगिनी : वाढलं. थांबा, प्रार्थना नाही केली तुम्ही.

प्रेमला : आज तू कर.

योगिनी : तुमचे शब्द मला येत नाहीत.

प्रेमला : शब्द मलाही माहीत होते, काय दिवे लावले? समोर आहे ते बघ आणि कोणी दिलं ते म्हण.

योगिनी : प्रभू… हे तू दिलं. आम्हा दोघींना.

प्रेमला : आमेन. आता भरव. डाव्या हाताने मला जमत नाही.