गायिका मधोमध नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय बिघडलंय? ऐकू येतंय ना?" ऐकू येतंय! अहो, ऐकू तर दारावरची बेलसुद्धा येते! तुम्हाला सांगतो, ऐकू येणं वेगळं आणि... जाऊ दे. तुम्ही तरी हलू नका, पहिल्यापासून सांगतो.

माझ्याकडे दोन स्पीकर आहेत, छातीएवढे उंच. दोघांत आठ फूट अंतर आणि समोर बरोब्बर आठ फुटांवर माझी खुर्ची. खुर्चीच्या चारही पायांखाली फरशीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, त्यामुळे बायकोनं झाडताना ती हलवली की मला लगेच कळतं. "अगं, अर्धा इंच डावीकडे गेलीये!" "अहो, मग तुम्ही अर्धा इंच उजवीकडे बसा!" आता हिला काय सांगणार? त्या खुर्चीत बसून डोळे मिटले की गायिका कुठे असते? डाव्या स्पीकरात? नाही. उजव्यात? छे! ती मधोमध उभी असते! जिथे काहीच नाही, नुसती भिंत आहे, तिथे! श्वास घेतलेला कळतो हो तिचा! पंधरा वर्षं ती तिथे उभी आहे. दिवसभर ऑफिसात डोक्याचं भुसकट होतं, मी फक्त शांत बसायला म्हणून गाणं ऐकतो!

आणि त्या सोमवारी ती तिथे नव्हती.

आवाज होता, पण सगळ्या खोलीभर. पडद्यामागून, कपाटावरून, माझ्या मानेमागून... मधोमध कोणीच नाही! बरं, आदल्याच दिवशी मी सहामाही सफाई केलेली. सगळ्या वायरी काढायच्या, टोकं स्पिरिटनं पुसायची, परत लावायच्या. हे काम मी एकटा करतो. आमच्या घरात कायदाच आहे, सिस्टिमला कोणी हात लावायचा नाही आणि तिच्याबद्दल कोणी मत द्यायचं नाही. म्हणजे सफाईत चूक असणं शक्यच नव्हतं. मग राहिली काय? खोली!

आणि मुहूर्त बघा! पुढच्या रविवारी आमचा गट माझ्याकडे जमणार होता. सहा जण आहोत, महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी बसून ऐकतो. वर आमचे कानगुरू. त्यांनी डोळे मिटून जे म्हटलं ते शेवटचं. मागे आमच्या गटातल्या दातांच्या डॉक्टरांकडे ते एवढंच म्हणाले, "स्टीलचं ताट पडल्यासारखं वाटतं." संपलं! डॉक्टर तीन महिने कोणाला तोंड दाखवेनात. म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते, नाहीतर माझंही ताट पडणार!

तुम्हाला सांगतो, सहा दिवस मी बसलोच नाही. बसायचो, दोन ओळी ऐकायचो, उठायचो. स्पीकर दोन बोटं पुढे. बसलो. उठलो. एक बोट मागे. बसलो... छे, उठलो! फ्रिज बंद केला, दूध नासलं. बायकोचं कपाट बेडरूममध्ये ढकललं. ती म्हणाली, "माझ्या कपाटानं तुमच्या गायिकेचं काय घोडं मारलंय?" बाबांचा सोफा पॅसेजमध्ये गेला. बाबांसकट! तिथून ते ओरडतात, "अरे, बातम्या लाव!" मी म्हटलं, "बाबा, इथे गायिका सापडत नाहीये आणि तुम्हाला बातम्या सुचताहेत?" ते म्हणतात, "मग बातम्यांतच सांगतील की ती कुठे गेली!" गुरुवारी मी घरातल्या सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. आवाज शोषला जातो म्हणे. आवाज शोषला गेला की नाही देव जाणे, आम्ही मात्र तीन रात्री कुडकुडत झोपलो.

बायको मधेच यायची. "अहो, मी एक बोलू का?" "नको!" शनिवारी पुन्हा, "अहो, मी नुसतं एकच..." "अगं, नको म्हटलं ना! मत नको!" गेली बिचारी. मी फक्त शांत बसायला म्हणून गाणं ऐकतो, आणि घरात एक मिनिट शांतता नाही!

रविवार उजाडला. सगळे आले. कानगुरू माझ्या खुर्चीत बसले. मी गाणं लावलं आणि दाराशी उभा राहिलो, पळायला सोपं पडावं म्हणून. एक मिनिट झालं, दोन झाली... गुरूंची भुवई वर गेली. मी एक पाय दाराबाहेर टाकला. गुरूंनी हात उचलला आणि म्हणाले, "भिंती... गेल्या!"

मी म्हटलं, "आं?"

"खोली उरलीच नाही! गाणं खोलीबाहेरून येतंय! पंचवीस वर्षांत असं ऐकलं नाही!" लगेच बाकीच्यांनाही भिंती दिसेनाशा झाल्या. "गेल्या, गेल्या! साफ गेल्या!" डॉक्टरांनी तर वही काढली. "रजया किती? कापसाच्या की कसल्या?"

मी तरंगत स्वयंपाकघरात गेलो. बायको चहा गाळत होती. "झालं ना चांगलं? मग आता बोलू का?" म्हटलं, बोल बाई, आज काय वाट्टेल ते बोल!

"तुमच्या डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या जागी आहे आणि काळी लालच्या जागी. उजवीकडे बरोबर आहे. तुमची सफाई झाल्यावर केर काढताना बघितलं मी."

तुम्हाला सांगतो, पायाखालची फरशी गेली! कारण मग काय होतं? एक स्पीकर हवा पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा मागे ओढतो. एक 'हो' म्हणतो, दुसरा 'नाही', आणि मधल्या मधे गायिका खलास! कसला जादूचा आवाज? चूक होती चूक, शिकाऊ माणसाची!

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"हात लावायचा नाही, मत द्यायचं नाही. कायदा तुमचा. दोनदा विचारलं, तुम्ही नको म्हणालात. साखर सगळ्यांना ना?"

ट्रे घेऊन बाहेर आलो. सांगणार होतो हो! तोंड उघडलंसुद्धा! तेवढ्यात गुरू उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात कान. शिका यांच्याकडून!" तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस काय बोलेल? मी म्हणालो, "चहा घ्या."

तिथेच फसलो. आठवड्यात पाच घरांत रजया भिंतीवर चढल्या. पाच कपाटं बेडरूममध्ये! आणि पाच फोन, "सगळं तुमच्यासारखं केलं, पण भिंती जात नाहीत. येता का जरा?" गेलो. डॉक्टरांकडे सगळ्यात आधी. त्यांची बायको माझ्याकडे असं बघत होती, की मी चहासुद्धा मागितला नाही. डॉक्टर म्हणाले, "एकदा तरी गुरूंनी मान हलवावी, बास." मग मी काय करणार? धूळ बघतो म्हणून स्पीकरमागे वाकलो आणि... एक वायर उलटी केली. गुरूंनी ऐकलं. "गेल्या!" म्हणाले. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! आणि मला लाज वाटली. खरंच सांगतो, मनापासून लाज वाटली. पुढे बाकीच्या चार घरांतही तेच! पाच घरांतल्या पाच गायिका मी स्वतःच्या हातानं बेघर केल्या, आणि लोक मला दारापर्यंत सोडायला येतात!

माझ्या घरची वायर मी त्या रविवारीच, सगळे गेल्यावर सरळ केली होती. आली गायिका, मधोमध उभी राहिली. पण ऐकायला वेळ कुठाय? आज यांच्याकडे भिंती घालवायच्या, उद्या त्यांच्याकडे. बरं, गटातले कधीही फोन करतात, "पाहुण्यांना ऐकवायला आणतोय, दहा मिनिटांत पोचतो!" मी फक्त शांत बसायला म्हणून गाणं ऐकतो, असं मी म्हणायचो ना? हं!

कायदा मात्र रद्द झाला. वायरींचं खातं आता बायकोकडे. काल संध्याकाळी फोन वाजला, तर ही फडकं घेऊन स्पीकरमागे उभी. म्हणते, "कोण येतंय? आपणच ऐकणार असू तर सुलट ठेवते. जाणकार येणार असतील तर उलट करते!"

मी म्हटलं, "उलट कर."