जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातला पहिला नारळ

जबाब
दिनांक १८ फेब्रुवारी १९६५, गुरुवार, सकाळी साडेदहा वाजता

नाव: चंद्रावती भ्रतार कै. दत्ताराम धुरी. वय: प्लेगच्या साली रांगत होते असे सांगते, त्यावरून अंदाजे ६७. धंदा: घरकाम व शेती. राहणार: तळेवाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. लिहिता-वाचता येत नाही.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी माझा मुलगा गुरुदास, वय ४४, याच्यासोबत, सून व नातवंडांत राहते. आज मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले आहे. मला कोणी आणलेले नाही. हवालदारांनी दोनदा विचारले, "आजी, घरी जाऊन विचार करून येता का?" मी म्हटले, घरी गेले की चुलीपुढे बसावे लागते, आणि एकदा बसले की माझे गुडघे मी कितीही विनवले तरी उठत नाहीत. तेव्हा आत्ताच लिहा.

मयत विठोबा धुरी हा माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. वय ५० च्या आसपास. आमची दोन घरे, थोरले त्यांचे आणि धाकटे आमचे. शिमग्याला देवाची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा कोणाचा, यावरून या दोन घरांत अकरा वर्षे कोर्टात वाद आहे. त्यामुळे अकरा वर्षे पालखी उठलेली नाही. देवाला बाहेरचे वारे लागलेले नाही. भांडण माणसांचे, कोंडला देव.

रविवार दिनांक १४ रोजी पिंगुळीच्या वाटेवर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत जुन्या मोटारींचे प्रदर्शन होते. ते रविकांत नावाच्या गृहस्थाने भरवले होते. तो मूळचा आमच्या बाजूचा, पण वाढला मुंबईत. माझ्या मुलाकडे लढाईच्या काळात कोळशाची भट्टी बसवलेली, उतारू नेणारी जुनी सर्व्हिसमोटार आहे. माझ्या मालकांनी ती मालवण ते कुडाळ अशी नऊ वर्षे चालवली. विठोबाकडे उघड्या टपाची लहान मोटार होती, एका साहेबाच्या लिलावातली.

आम्ही सकाळी सहा वाजता निघालो आणि साडेनऊला पोहोचलो. चालत गेलो असतो तर फार उशीर झाला नसता. मागची कोळशाची भट्टी सारखी धुरत होती, उतरलो तेव्हा सगळ्यांची तोंडे काळी. विठोबा आपल्या मोटारीशी उभा होता. मला पाहून म्हणाला, "काकी, कोळशात लोळान इलास काय?" मी म्हटले, "तुझ्या काकान अंगार घालूक सोना ठेवल्यान नाय रे, म्हणान कोळसो लावलंय." तो हसला. घरे बोलत नसली तरी तो माझ्याशी बोलत असे. त्याला लहानपणी गोवर निघाला तेव्हा तो एकवीस दिवस माझ्याकडे होता.

तिथे वीस-बावीस मोटारी होत्या. सगळ्यांना झेंडूचे हार. माणूस म्हातारा झाला की त्याला पडवीत बसवतात आणि मोटार म्हातारी झाली की हार घालतात, हे मी त्या दिवशी पाहिले. आमच्या वाडीतले दोन्ही घरांचे मिळून साठएक पुरुष आले होते. आपापल्या मोटारीमागे उभे होते.

साडेदहाच्या सुमारास रविकांतने कर्ण्यावरून सांगितले की, ज्याची मोटार सगळ्यांत जुनी तो पहिला नारळ फोडेल आणि त्याची मोटार सगळ्यांच्या पुढे कुडाळात जाईल. त्याला वाटले नारळ म्हणजे नारळ. आमच्याकडे पहिला नारळ म्हणजे गावचा पहिला मान, हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही नाही. मला तेव्हाच उठून सांगायला हवे होते. मी भाकरीचे गाठोडे सोडत बसले होते.

माझा मुलगा पुढे जाऊन म्हणाला, "पयलो नारळ आमचो. सांगान ठेवतंय." रविकांतने कागद पाहिले. विठोबाची मोटार १९२६ सालची, आमची १९३४ ची. त्याने विठोबाच्या हातात नारळ दिला.

विठोबाने तो लगेच फोडला असता तर शिव्यांवर भागले असते. पण त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि आमच्या गावच्या देवाच्या नावाने गाऱ्हाणे सुरू केले. नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे घालायचा हक्क मानकऱ्याचा, म्हणजे पालखीचा पहिला खांदा ज्याचा त्याचा. तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां हय जमली आसत." गाऱ्हाण्याला जमलेल्या पुरुषांनी "होय म्हाराजा" म्हणायचे असते. म्हटले की मान्य केले, असा त्याचा अर्थ. थोरल्या घराची माणसे म्हणाली. आणि आमच्यामागे उभी असलेली धाकट्या घराची माणसेही म्हणाली. मुद्दाम नाही. लहानपणापासूनची सवय, कानावर गाऱ्हाणे पडले की तोंड आपोआप उघडते. मी गुरुदासकडे पाहत होते. त्याच्याही तोंडातून "होय" गेले. "म्हाराजा" त्याने गिळले. अकरा वर्षे कोर्टात जे कबूल केले नाही ते पिंगुळीच्या शेतात, परक्या माणसांपुढे, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. थोरल्या घरातला कोणीतरी मोठ्याने हसला.

विठोबाच्या मोटारीवर बाबली हा ड्रायव्हर आहे. वय २८, मालवण बंदरावर मासे विकणाऱ्या मथुराचा मुलगा. मोटार चालू करण्यासाठी तो पुढे हँडल लावत होता. माझ्या मुलाने ते हँडल त्याच्या हातातून हिसकावले. लोखंडी, माझ्या हाताएवढे लांब.

पहिला फटका विठोबाच्या खांद्यावर बसला. नारळ हातातून सुटून मोटारीखाली गेला. विठोबाने वळून विचारले, "काय रे?" एवढेच. दुसरा फटका डाव्या कानाच्या मागे बसला. आवाज कसा आला हे हवालदारांनी विचारले. तो मी सांगणार नाही. विठोबा गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला. तिसरा फटका तो पडल्यावर मारला.

त्यानंतर दोन्ही घरांची माणसे एकमेकांवर धावली. काठ्या नव्हत्या, म्हणून कुंपणाचे दांडे उपटले. मोटारींच्या दिव्यांच्या काचा फोडल्या. एकाचा कान फाटून लोंबत होता आणि तो दुसऱ्या कानावर हात ठेवून ओरडत होता. झेंडूचे हार ओढून गळे आवळले. बाहेरगावचे लोक पहिल्या काचेलाच पळाले. रविकांत एका मोटारीखाली शिरला तो सगळे थांबल्यावरच बाहेर आला आणि त्याच दिवशी मुंबईला गेला. त्याने काही पाहिले असेल तर चाक.

बाबली पळाला नाही. तो विठोबाच्या अंगावर आडवा झाला आणि ओरडत होता, "दादानू, नको! मरतलो तो!" माझ्या मुलाने त्यालाही पाठीत दोन फटके मारले. त्याचा सदरा काढून पाहिलात तर खुणा दिसतील. अजून कोणी काढून पाहिला नसेल तर आज पाहा. मग माझ्या मुलाच्या हातातले हँडल गळून पडले. आणखी कोणी उचलू नये म्हणून बाबलीने ते उचलले आणि छातीशी धरून बसला. पोलीस आले तेव्हा त्याच्या हातात हँडल होते आणि कपड्यांवर रक्त होते, म्हणून त्यालाच धरून नेले. पोलिसांना दिसले ते खरेच होते. फक्त ते उशिरा दिसले.

मी विठोबाचे डोके मांडीवर घेतले. डोक्याखाली हात घातला तिथे हाड नव्हते. त्याने डोळे उघडले आणि विचारले, "काकी, नारळ फुटलो?" नारळ मोटारीच्या चाकाशी होता तसा पडला होता. मी म्हटले, "फुटलो रे बाबा." कुडाळच्या दवाखान्यात नेताना वाटेवर बैलगाडीत तो गेला. दुपारचा एक वाजला असेल.

त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आम्ही घरी आलो. मुलाने अंगातला सदरा काढून माझ्यापुढे टाकला. तो मी विहिरीवर धुतला. तीन पाणी बदलले. त्याबद्दल जो गुन्हा होत असेल तो माझ्या नावावर लिहावा, सुनेच्या नाही.

सोमवारी सकाळी देवळात दोन्ही घरांचे पुरुष जमले. बायका बाहेरच्या पायरीवर होत्या, त्यात मीही होते. विठोबाचा धाकटा भाऊ बाळा आणि माझा मुलगा समोरासमोर बसले होते. माझा मुलगा म्हणाला, पालखीचा पहिला खांदा यापुढे कायम थोरल्या घराचा. बाळाने देवाकडे पाहिले. मग म्हणाला, "बरा." अकरा वर्षे जे मिटले नाही ते अर्ध्या तासात मिटले. आमच्या घराने पालखी सोडली, त्यांनी आपला मेलेला माणूस सोडला. मग देवळाचे काम पाहणाऱ्या शिवा घाडी याने देवापुढे गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, ह्या रक्तात गावच्या माणसाचो हात नाय. जेच्या हातात हँडल गावला, तेचो गुन्हो तेच्यार. जो कोण ह्येच्याभायर बोलात, तेका तू बगून घे." सगळे पुरुष म्हणाले, "होय म्हाराजा." या वेळी गुरुदासने दोन्ही शब्द म्हटले.

म्हणून वाडीतला कोणी पुरुष तुमच्यापुढे बोलणार नाही. बोलला तर देवाला दिलेला शब्द मोडेल, आणि असा शब्द मोडलेला माणूस आमच्याकडे मी अजून पाहिलेला नाही. बायकांनी "होय म्हाराजा" म्हणायची रीत नाही. आम्हाला कोणी विचारले नाही. मी म्हटले नाही. देवाशी माझे काही ठरलेले नाही.

तरीही मी सोमवारी आले नाही. मंगळवारीही आले नाही. मंगळवारी मथुरा माझ्या दारात आली. ती बारा वर्षे आमच्याकडे मासे घालते. टोपली खाली ठेवून म्हणाली, "काकी, तुमी थय होतास. माका इतक्याच सांगा. माझ्या झिलान मारल्यान?"

मी म्हटले, "आज काय हाडलंस गो?"

ती म्हणाली, "काय नाय हाडूक. तीन दिवस बंदरार गेलंय नाय." टोपली रिकामी होती. सवयीने डोक्यावर घेऊन आली होती. तिने टोपली उचलली आणि गेली. मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. एरवी ती चांगल्या शिव्या देते.

काल दुपारी मुलगा जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "आये, तुका त्या दिवशी काय दिसला नाय. वय झाला मां तुझा?"

मी म्हटले, "लांबचा माका बरा दिसता. सुयेत दोरो तेवढो जाणा नाय."

त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "बाबलीक चार-पाच वर्सा होतीत, सुटात. माका फाशी देतीत."

मी विचारले, "बाबली कित्याक जायत रे पाच वर्सा?"

त्याने उठून माझ्या पायांवर डोके ठेवले. मी त्याला आमटी वाढली. त्याने दोनदा मागून घेतली. त्याला कोकमाची आमटी आवडते.

आज पहाटे तो उठायच्या आत मी निघाले. तो घरीच आहे. पळणार नाही. तुम्ही गेलात तर दारात मारू नका, नातवंडे आहेत. माझ्याशी बोलायला त्याला आणू नका.

विठोबास कोणी मारले हे मी स्वतःच्या डोळ्यांनी, आठ-दहा पावलांवरून पाहिले. माझ्या मुलाने मारले. बाबलीने मारले नाही. याबद्दल मला कोणी पढवलेले किंवा धमकावलेले नाही. मुलाशी माझे वैर नाही.

हवालदारांनी सगळे पहिल्यापासून वाचले, मी ऐकले. त्यांनी सहा ठिकाणी "आरोपी गुरुदास दत्ताराम धुरी" असे लिहिले होते. मी म्हटले, मी तसे बोललेले नाही. हवालदार म्हणाले, कायद्यात तसेच लिहितात. मी म्हटले, कायद्याने त्याला वाढवले नाही. सहाही ठिकाणी खोडून "माझा मुलगा" असे लिहवून घेतले आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी अंगठा दिला. आता कागदावर आहे ते माझेच बोलणे आहे.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, चंद्रावती भ्रतार कै. दत्ताराम धुरी