खुंटी क्रमांक बत्तीस ते छत्तीस

नाव वरच्या रकान्यात आहे. बोलावताना मला सगळे 'भडका' म्हणतात, तेही लिहून घ्यावे. वय एकवीस वर्षे. शिक्षण पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, पुढे सोडले. धंदा वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मदत, मध्यंतरी अकरा दिवस मोजणीच्या टोळीत पट्टी धरण्याचे काम. राहणार बसस्थानकामागची गल्ली, दुकानाच्या वरच्या खोल्या.

मी आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी स्वतःहून ठाण्यात आलो. मला कोणी धरून आणलेले नाही, कोणी पढवून पाठवलेले नाही. समोर बसून विचारल्यावरून सांगतो ते असे.

आमच्या गावाला ज्या तलावाचे पाणी येते, त्याच्या उत्तर अंगाने तेलाची लाइन जाणार आहे. लाइन काठापासून दोनशे मीटरच्या आत येणार नाही, असे कंपनीने पहिल्या सभेत लिहून दिले होते. माझे मामा तलावाच्या पंपघरात बावीस वर्षे कामाला आहेत व लाइनविरोधी समितीचे प्रमुख आहेत. समितीची पत्रके मी स्वतः वाटली आहेत. तरी कंपनीच्या मोजणीला पट्टी धरायला गेलो, कारण घरी बसून वडिलांचे बोलणे ऐकण्यापेक्षा ते बरे होते. मामा म्हणाले, "जा, पण डोळे उघडे ठेव. कुठून नेतायत ते बघून ये." डोळे उघडे ठेवले, एवढेच मी सांगू शकतो.

टोळीच्या प्रमुख सदर मोजणीदार, वय अंदाजे पंचवीस. लेखनिकांनी आधी 'सदर महिला' असे लिहिले होते. ते बदलून मोजणीदार लिहावे असे मी सांगितले, कारण त्या तेच होत्या. त्या तिपाईवरच्या यंत्रातून बघत आणि मी समोर आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरत असे. म्हणजे सकाळी आठपासून त्यांच्याकडे तोंड करून न हलता उभे राहायचे. असे काम मला आयुष्यात कोणी दिले नव्हते. आकडा जुळला की त्या हात वर करत, मग तिथे लाल डोक्याची लाकडी खुंटी ठोकायची, तिच्यावर क्रमांक घालायचा. एक डोळा मिटून तीन खुंट्या एकामागे एक कशा लपल्या पाहिजेत, हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी शिकवले. "पहिली दिसली की बाकीच्या दिसता कामा नयेत. दिसल्या तर ओळ चुकली," असे त्या म्हणाल्या.

टोळीतले सगळे त्यांना ताई म्हणत. मामाही एकदा पंपघराच्या दारातून "ताई, पाणी भरून न्या हो, थंड आहे" असे म्हणाले. मी ताई म्हटले नाही. मॅडम म्हणावे तर त्यांनीच पहिल्या दिवशी "मॅडम नको, कचेरीत बसल्यासारखं वाटतं" असे सांगितले होते. त्यामुळे अकरा दिवस मी त्यांना काहीही न म्हणता बोललो. "पट्टी इकडे घेऊ का?", "डबा सावलीत ठेवलाय", अशी सगळी वाक्ये बिननावाची. ते सोपे नाही. लेखनिकांनी करून बघावे.

त्या मला तुम्ही म्हणत. नवव्या दिवशी वारा आला आणि पट्टी कलली, तेव्हा "अरे, सरळ धर ना!" असे एकदा म्हणाल्या. सहाव्या दिवशी कॉलेजविषयी जे बोलणे झाले, ते तपासाशी संबंधित नाही. परीक्षेचा अर्ज मी आणून ठेवला आहे, एवढे लिहिले तरी चालेल.

चौथ्या दिवशी एका बकरीने एकोणीस नंबरची खुंटी उपटली. त्यामुळे त्या तुकड्याची मोजणी परत करावी लागली आणि काम एक दिवस वाढले. सगळे बकरीवर चिडले होते. मी चिडलो नव्हतो.

अकराव्या दिवशी काम संपले. त्यांनी यंत्र पेटीत ठेवले, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि "बरं, येते" असे म्हणून गाडीत बसल्या. आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत म्हणून त्या तसे म्हणाल्या, हे मला कळते. तरी दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठ वाजता तिथे जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या दिवशीही. लाल खुंट्या होत्या, बाकी कोणी नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास मी बत्तीस ते छत्तीस नंबरच्या पाच खुंट्या उपटल्या व दक्षिणेला, म्हणजे तलावाकडे, सत्तावीस पावलांवर पुन्हा ठोकल्या. उत्तरेला खडक आहे, तिकडे खुंटी जात नाही. तलावाकडची जमीन मऊ आहे, खुंटी दगडाच्या दोन घावांत बसते. मला मदतीला कोणी नव्हते. समितीने सांगितले नव्हते. सदर मोजणीदारांना याची कल्पना नव्हती. मोजणी जुळली नाही की त्यांना परत यावे लागेल, असा माझा हिशोब होता.

इथे माझी चूक झाली ती सांगतो. खुंट्या वेड्यावाकड्या ठोकल्या असत्या, तर कोणालाही दिसले असते. मी ठोकायला लागलो आणि हात वाकडा पडेना. एक डोळा मिटून मी पाचही खुंट्या एकामागे एक लपवल्या. तिने शिकवलेली ओळ मला बिघडवता आली नाही. दोन्ही टोकांना लाइन मोडलेली दिसेल, तेवढ्यावरून कळेल, असे वाटले. आठवड्याने नकाशा पक्का करणारी दुसरी टोळी आली. त्यांना वाटले, मुद्दाम वळण दिले आहे. त्यांनी नकाशातही वळण काढले आणि निघून गेले.

काल सकाळी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात जनसुनावणी झाली. मी डाव्या खिडकीशी उभा होतो. कंपनीचे साहेब म्हणाले, "मार्ग शास्त्रशुद्ध आहे."

मामा म्हणाले, "शास्त्र शुद्ध असेल हो. पाणी शुद्ध राहील का ते सांगा."

गावातला वेल्डर लाइनच्या बाजूचा आहे, त्याला तिथे काम मिळणार आहे. तो उठून म्हणाला, "फुटेल फुटेल काय लावलंय? तुमच्या पंपघराचा नळ गळतो, तो बघा आधी!"

"नळ गळला तर खाली बादली ठेवतो रे," मामा म्हणाले. "तुझी लाइन गळली तर तलाव उचलून कुठं ठेवू?"

लोक हसले. मग मामांनी पहिल्या सभेत मिळालेला नकाशा व आताचा दुसरा नकाशा एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात दाखवले. पहिल्यात काठापासून दोनशे दहा मीटर, दुसऱ्यात एकशे नव्वद. "ही लाइन काय, पाय फुटून पाण्यावर निघाली?" असे मामांनी विचारले. साहेबांनी कागद चाळले व सांगितले की ही मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक आहे, त्यांना आजपासून कामावरून काढले आहे.

सदर मोजणीदार शेवटच्या रांगेत होत्या, हे मला तेव्हा कळले. त्या उभ्या राहिल्या. "माझ्या नोंदवहीत दोनशे दहाच आहे. आणि बत्तीस ते छत्तीसच्या दक्षिणेला जमिनीखाली तलावात उतरणारा पाझर आहे, तिथून लाइन नेऊ नये, असंही मी लिहिलंय."

साहेब म्हणाले, "वही काय, घरी बसून कोणीही लिहील."

वेल्डर मागे वळून म्हणाला, "चूक कसली? कोणाचं तरी ऐकून सरकवली असेल. समितीवाल्यांची फूस, दुसरं काय!"

त्या खाली बसल्या. चहा गार आला म्हणून भांडणारा मी, तिथे खिडकीचा गज धरून गप्प उभा राहिलो. सभा संपल्यावर दारात मी वेल्डरला एक थप्पड मारली. त्याचे कलम वेगळे लावावे, माझी हरकत नाही. तोवर त्या निघून गेल्या होत्या.

दुपारी तीन वाजता पंपघरात जाऊन मी मामांना सगळे सांगितले. त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "एका पोरीपायी?"

मी हो म्हणालो.

"गाढवा." मग म्हणाले, "झालं ते झालं. आता तोंड उघडू नकोस. नकाशा खोटा पडला, सुनावणी थांबली. महिनाभर आपण रान उठवू. तू बोललास तर उद्या साहेब म्हणेल, समितीच्याच घरातल्या पोरानं खुंट्या हलवल्या. मग आपलं कोण ऐकणार?"

"आणि त्यांची नोकरी?"

"हुशार आहे ती. दुसरीकडे लागेल."

"आणि पाझराचं? ते त्यांच्याच वहीत आहे ना, मामा. त्यांना खोटं ठरवलं तर तेही खोटंच ठरलं."

मामा म्हणाले, "हे तू तलावासाठी बोलतोयस का तिच्यासाठी?"

मी खरे ते सांगितले. मामांनी पंप चालू केला. त्याच्या आवाजात पुढे बोलता येत नाही, हे ते बावीस वर्षे जाणतात.

म्हणून आज आलो. सदर मोजणीदारांनी मोजणी बरोबर केली होती. चूक माझी आहे. जुन्या खुंट्यांची भोके अजून आहेत, मी प्रत्येक भोकात एक पांढरा खडा टाकला होता, ती मी दाखवू शकतो. माझे व त्यांचे कोणत्याही प्रकारचे संबंध नाहीत. मी हे का केले, हे त्यांना ठाऊक नाही. या जबाबाची प्रत त्यांच्या कार्यालयात जावी व वही खरी धरावी, एवढी विनंती आहे. घरचा पत्ता मला माहीत नाही. मी विचारला नव्हता.

हे सांगत असताना मामा ठाण्यात आले व दाराशी उभे राहिले. त्यांनी मला अडवले नाही. समितीला याची काही माहिती नव्हती व माझे मामा निर्दोष आहेत, हे लिहावे असे मी म्हणालो. मामा म्हणाले, "माझं राहू दे. पाझराची ओळ आली का ते बघा आधी." लेखनिकांनी आली असे सांगितले.

उद्या सकाळी आठ वाजता पंचांसमोर त्या तुकड्याची परत मोजणी होणार असून मी हजर राहायचे आहे, असे मला कळवण्यात आले. मोजायला त्या येणार का, असे मी विचारले. चौकशीचा निकाल लागेपर्यंत त्यांना तिथे येता येणार नाही, दुसरे कोणी येईल, असे उत्तर मिळाले. मी हजर राहीन. पट्टी धरायला कोणी नसेल तर धरीन.

लेखनिकांनी सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. खुंट्या हलवण्याच्या कारणापुढे त्यांनी 'अज्ञानातून' असे लिहिले होते. "पोरा, यात तू हलका सुटशील," असे ते म्हणाले. पण अज्ञान म्हटले की ओळ इतकी सरळ कशी, असे कोणीही विचारील आणि शंका पुन्हा त्यांच्यावर जाईल. म्हणून तो शब्द मी खोडायला लावला. त्या जागी 'त्या परत याव्यात म्हणून' असे माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे व खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बदललेली ओळ मी पुन्हा वाचायला सांगितली. त्यांनी पुन्हा वाचली. मामा दाराशीच होते, त्यांनीही ऐकली. बरोबर आहे.