ढगातून उतरलेलं विमान

आईशप्पथ, डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. म्हणजे डोळे मिटलेलेच होते माझे. त्या दुष्काळात नवा जिल्हा होणार अन् पाऊस पडणार, दोन्ही अफवा जोरात होत्या. पाऊस पाडायला ढग हुडकत आलेल्या पायलटनं मला त्याच्या टीचभर विमानात बसवलं.

"सायब, ह्या अख्ख्या विमानाला बांधलेलं पॅराशूट उघडतं ना?"

"एकदाच उघडतं, काका. म्हणून उघडून पाहिलेलं नाही."

ढगात शिरलो अन् इंजिन बंद! त्यानं लाल मूठ ओढली. पॅराशूट उघडलं, अख्खं विमान लटकत लटकत रेणापूरजवळच्या कोरड्या तळ्यात टेकलं. पाणी आलं म्हणून बाया घागरी घेऊन धावल्या.

"ढगातून आलो," मी म्हणालो.

एका म्हातारीनं माझा सदरा चाचपला. "मग वल्ला कसा न्हाई रं?"

तुम्हाला म्हणून सांगतो. विमान खरं, पॅराशूट खरं. ढग तेवढा माझ्या पदरचा.