दगडाची ओटी

मंडळी, बसा. थोडं पुढे सरका — मागे आजीबाई उभ्या आहेत, त्यांना भिंतीचा टेका मिळू दे. हं, आता ठीक.

आज प्रश्न साधाच आहे. तान्हं मूल रडतंय. कुणीतरी त्याला उचलतं, मांडीवर घेतं, थोपटतं. रडणं थांबतं. आता सांगा — ही मांडी कोणत्या धर्माची, कोणत्या घराण्याची, हे त्या मुलानं आधी विचारावं का?

हसताय! तान्हं कुठलं विचारणार! पण तेच मूल मोठं होतं, शिकतं, मानाच्या आसनावर बसतं — आणि मग विचारतं हो! मग त्याला त्या मांडीची लाज वाटू लागते. तर माझा खरा प्रश्न हा — ज्या मांडीवर आपलं रडणं थांबलं, तिचीच लाज वाटू लागली, तर माणसानं काय करावं?

ऐका तर.

इटली देशाच्या डोंगरात मोन्तेल्वा नावाचं एक गाव. नकाशा उघडू नका, गाव गोष्टीतलं आहे. गावाच्या वेशीशी दगडाची एक बाई बसलेली. हो, बसलेली! पाय जमिनीला टेकलेले, गुडघे थोडे फाकलेले, आणि मधे रुंद, खोलगट मांडी. डोकं नाही. हात कोपरापासून तुटलेले. कुणी घडवली? रोमच्या बादशहांच्याही आधी त्या डोंगरात जी माणसं राहत, त्यांनी. देवी होती, आई होती, की दोन्ही — सांगणारं कुणी उरलं नाही.

मग रोमचं सैन्य आलं, त्यांचे देव आले. मग रोमच्याच बादशहांनी नवा धर्म घेतला. देवळांची चर्च झाली. जुन्या मूर्ती कुठे गेल्या? कितीतरी चुन्याच्या भट्टीत गेल्या. संगमरवर भाजला की चुना होतो, मंडळी. देव होता की खांब होता, भट्टीला कळत नाही! पण आपली ही बाई होती ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाची. त्याचा काही चुना होत नाही. म्हणून वाचली. निरुपयोगी म्हणून वाचली! जगात असंही वाचता येतं.

गावातल्या बायका तिला ज्या नावानं हाक मारत, त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे — ओटी. आणि त्या ओटीची एक रीत होती. एखाद्या आईला मूल वाढवणं अशक्य झालं — उपासमार असेल, अब्रू असेल, काहीही असेल — तर तिनं सांजवेळी ते मूल त्या दगडी ओटीत ठेवायचं आणि निघून जायचं. ज्या बाईला ते पहिल्यांदा दिसेल, तिनं उचलायचं आणि म्हणायचं, “दिसलंस, माझं झालंस!” बस्स. कुणाचं, कुठलं — कुणी विचारायचं नाही. आणि ती उचलत नाही तोवर ओटीतल्या लेकराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कोतवालानं नाही, पाद्रीबाबानंसुद्धा नाही!

तुम्ही म्हणाल, थंडीत मूल गारठून नाही का जायचं? नाही जायचं. बाईचं तोंड — म्हणजे जिथे तोंड होतं ती बाजू — पश्चिमेकडे. दिवसभराचं ऊन तो दगड पिऊन घ्यायचा आणि सूर्य गेल्यावर हळूहळू सोडायचा. यात चमत्कार काही नाही. दगडाचा गुणच तो. पण मंडळी, तिला पश्चिमेकडे तोंड करून बसवणाऱ्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

बायका तिथे एक ओवी म्हणायच्या. म्हणा माझ्यामागे —

नाही मुख, नाही नाव । मांडी तेवढी उरली,
तान्हुल्या तुझ्यासाठी । तीच पुरेशी जाहली ॥

तर याच ओटीतून नुन्झिया नावाच्या एका विधवेनं एक पोर उचललं. नाव ठेवलं लाऊरो. ओटीतल्या सगळ्या मुलांचं आडनाव एकच असायचं — पाषाणाचा. लाऊरो पाषाणाचा! पोरगा हुशार. पाद्रीबाबांनी त्याला शहरातल्या धर्मगुरूंच्या पाठशाळेत शिकायला पाठवलं. आणि तिथे? तिथली मोठ्या घरची मुलं! “काय रे, तुझी आई डोक्याविना कशी बोलायची?” “काय रे, दूध प्यालास की वाळू?” लाऊरो हसायचा. हसायचा, आणि उशीत तोंड खुपसायचा. एक दिवस त्यानं आडनाव टाकून दिलं. पुढे व्याख्यानं गाजली, मान वाढला, आणि तो झाला बिशप — म्हणजे तिकडचा मोठा धर्मगुरू. बोटात अंगठी, अंगावर जांभळा झगा. गावाकडे फिरकला नाही. नुन्झियाला निरोप पाठवायचा — कामं फार आहेत. ओळखीचं वाटतंय का हे वाक्य? असो.

आता राजकारण! त्या मुलुखाच्या सरदाराला व्हायचं होतं राजा. मुकुट कुणी द्यायचा? धर्मपीठानं. पीठाला काय हवं? सरदाराचं सैन्य. दोघांचं जमलं! पण जगाला दाखवायला काहीतरी पवित्र नको का? मग हुकूम निघाला — राज्यातल्या जुन्या मूर्ती फोडा. प्रत्येक बिशपनं आपल्या देखत एक तरी फोडून घ्यावी. राजाला मुकुट हवा, पीठाला सैन्य हवं. दगडाला काय हवं होतं? दगडाला काही नको होतं हो! पण घाव त्याच्यावर.

आणि लाऊरोनं मोन्तेल्वाची मूर्ती मागून घेतली. हो, स्वतः मागितली! राजधानीच्या बिशपची गादी त्यालाच मिळणार अशी बोलवा होती. त्याच्या मनात आलं — दगड फुटला की माझी गोष्टही मिटली. मग कोण विचारणार, हा कुणाच्या मांडीवरचा?

सकाळी गाडी वेशीशी थांबली. कप्तान बेर्तोल्दो सैनिक आणि घण घेऊन संध्याकाळपर्यंत पोचणार होता. लाऊरो एकटाच खाली उतरला. घराच्या दारात नुन्झिया बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, काही दिसत नाही. पण पावलांचा आवाज ऐकला आणि मान वर केली.

“डाव्या पायावर जोर देऊन कोण चालतंय? लाऊरो?”

एवढा मोठा बिशप! देशोदेशीच्या पंडितांना गप्प करणारा! वाकून तिच्याजवळ गेला तो.

“हो, आई.”

“आलास! थांब, हात पुसते.” तिनं त्याची बाही चाचपली. “अरे, हे काय अंगावर? रेशीम? खाज नाही का येत?”

आता खरं सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. म्हणाला, “आई, मी त्या दगडासाठी आलोय.”

झालं, मंडळी! म्हातारीचं तोंड उजळलं. कारण मोन्तेल्वात या वाक्याला एकच अर्थ होता! ओटीतलं मूल मोठं होऊन परत आलं, की ते ओटी भरायला येतं. दुसरं कशासाठी येणार? ती भिंतीला धरून उठली आणि गल्लीत ओरडली, “अगं तेक्ला! ऐकलंस का? माझा लाऊरो ओटीसाठी आलाय! ओटी भरायला आलाय गं!”

“आई, तसं नाही —”

कोण ऐकतंय! तेक्ला म्हणजे शेजारीण. वयानं नुन्झियाएवढीच, जिभेनं दुप्पट. ती आली ती बोलतच. “आलास का रे! मला वाटलं, रस्ताच विसरलास. गहू आणलास?”

“नाही.”

“अंजीर?”

“नाही.”

“मग ओटी काय आशीर्वादानं भरणार आहेस? बिशप झालास, अक्कल नाही आली!”

घरोघरी निरोप गेला. बायकांनी दगड धुतला. कुणी गहू आणले, कुणी अंजीर, कुणी चुलीवरची गरम पाव-भाकरी. सगळं आणून लाऊरोच्या हातात द्यायच्या — भर, तू भर! आणि तो आपला एकेक वस्तू त्या दगडी मांडीत ठेवतोय. कशावर घण पडणार आहे, हे त्याला एकट्याला ठाऊक. नुन्झिया बाजूला उभी राहून विचारत होती, “भरली का रे? काठोकाठ हवी हं!”

दुपार कलली. नुन्झियाला घरात डुलकी लागली. वेशीशी तेक्ला आणि लाऊरो दोघंच उरले. शेवटी त्यानं तिला खरं सांगितलं. मनात म्हणाला, शिव्या देईल, मोकळं वाटेल.

तेक्लानं शिव्या दिल्या नाहीत. बराच वेळ अंजीर नीट लावत बसली. मग म्हणाली, “तुला लाज कशाची वाटते रे?”

“टाकलेलं पोर होतो मी. दगडावर टाकलेलं.”

“टाकलेलं?” तेक्लानं वळून पाहिलं. “तुला आधी मी पाहिलं होतं.”

“काय?”

“त्या सांजेला विहिरीवरून आम्ही दोघी येत होतो. मी पुढे होते. तू दिसलास मला. मूठ चोखत होतास. रीतीनं तू माझा झालास. माझ्या घरी मूल नव्हतं रे, फार हवं होतं. पण नुन्झियाचा नवरा आणि बाळ एकाच साथीत गेलेले. घागर घेऊन चालायची, पण बाई आत उरलीच नव्हती. मी पाठ फिरवली. डोळे गच्च मिटले. म्हटलं, नुन्झिया, माझ्या डोळ्यात कचरा गेला गं, पुढे हो, वाट दाखव.” तिनं आणखी एक अंजीर नीट लावलं. “आजवर तिला सांगितलं नाही. दोन घरांना हवा होतास तू, आणि म्हणे टाकलेलं!”

मंडळी, लाऊरोनं काय केलं असेल? वळून त्या दगडासमोर उभा राहिला. तेवढ्यात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

कप्तान बेर्तोल्दो उतरला. सभ्य माणूस, हुकमाचा पक्का. “महाराज, उजेड आहे तोवर उरकून घेऊ.” सैनिकानं घण उचलला. बायका धावत आल्या. कुणाला काही कळेना. नुन्झियालाही आवाजानं जाग आली. ती भिंत चाचपत येऊ लागली. “काय झालं? तेक्ला, काय झालं गं?”

आणि मग — बिशप लाऊरो पुढे झाला. झगा गोळा केला. गहू, अंजीर हातानं बाजूला सारले. आणि त्या दगडी बाईच्या मांडीवर चढून बसला! गुडघे पोटाशी घेऊन! एवढा थोरला माणूस!

आणि त्याला काय जाणवलं, ठाऊक आहे? दगड गरम होता. दिवसभराचं ऊन. रेशमातून, अंगातून, पार आतपर्यंत. ही ऊब त्याला आठवत नव्हती — एवढ्या तान्हेपणीचं कुणाला आठवतं? पण अंगाला ओळखीची वाटली.

“महाराज, खाली उतरा!” कप्तान म्हणाला. “मला हुकूम आहे.”

“हुकूम दगड फोडायचा आहे, कप्तान. बिशप फोडायचा नाही.”

“आम्ही तुम्हाला उचलून खाली ठेवू.”

“खबरदार!” ही तेक्ला. “ओटीत आहे तो! ज्या बाईला दिसेल तिनंच उचलायचं. गावची रीत आहे!”

“अहो बाई, तो सगळ्यांनाच दिसतोय!”

“कुणाला दिसतोय?” तेक्लानं पाठ फिरवली आणि डोळे मिटले. “मला तर काही दिसत नाही. डोळ्यात कचरा गेलाय.”

तिच्या शेजारच्या बाईनं पाठ फिरवली. मग तिसरीनं. वेशीवर जमलेल्या सगळ्या बायका — म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कडेवरच्या पोरांचे डोळे हातानं झाकून — पाठमोऱ्या उभ्या! आणि त्यांच्यामधून वाट काढत, हात पुढे करून, एकटी नुन्झिया येतेय. जिला खरोखरच दिसत नाही, ती!

तिचा हात दगडी गुडघ्याला लागला. मग रेशमाला. मग त्याच्या गालाला. गाल ओला होता. तिनं नाक चाचपलं, कान चाचपला. आणि म्हणाली —

“दिसलास! माझा झालास!”

तिनं त्याच्या काखेत हात घातले. ओढलं. तो कसला हलतोय! “अरे देवा, काय खातोस शहरात? उचलवत नाही रे!”

कप्तान म्हणाला, “आजी, आटपा.”

“दम धर, लेका! उचलतेय ना. उचलल्याशिवाय त्याला उतरता येत नाही, आणि माझ्यात ताकद थोडी. वेळ लागेल.” असं म्हणून ती दगडी पायांशी बसली, लाऊरोचं पाऊल छातीशी धरून. आणि गुणगुणू लागली. कोणती ओवी? तुम्हाला ठाऊक आहे. म्हणा —

नाही मुख, नाही नाव । मांडी तेवढी उरली,
तान्हुल्या तुझ्यासाठी । तीच पुरेशी जाहली ॥

कप्तानानं सैनिकाला घण खाली ठेवायला लावला. मग तोही पाठमोरा झाला, घोड्यावर बसला आणि म्हणाला, “मी राजधानीत सांगेन — दगड मोकळा नव्हता.”

पुढे काय? अंगठी गेली, झगा गेला, राजधानीची गादी दुसऱ्याला मिळाली. राजा आणि पीठ यांचं तर पुढच्याच हिवाळ्यात फाटलं, आणि तो हुकूम कुणाला आठवलाही नाही. लाऊरो गावात राहिला. मुलांना अक्षरं शिकवायचा, नुन्झियाला जेवू घालायचा. कुणी नाव विचारलं की सांगायचा, लाऊरो पाषाणाचा. आणि उन्हं उतरली की दोन्ही म्हाताऱ्यांना हाताला धरून तिथे नेऊन, त्या दगडाला पाठ टेकवून बसवायचा. गुडघेदुखीला बरं असतं ते.

आता तुमच्याकडे येते, मंडळी. जुने दगड फोडायला राजे लागतात. पण घरातली ओटी? ती आपण आपल्याच हातांनी फोडतो, आवाजसुद्धा येत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवलेली आई. पोरांच्या शाळेत न नेलेली आजी. बाळपणी दूध पाजणारी, पण जिच्या घरी आपण आता पाणी पीत नाही, अशी शेजारीण. तिचा देव कोणता होता, हे तुम्हाला केव्हा आठवलं? रडताना तर नाही!

तेव्हा आज घरी गेलात की तिच्याजवळ जा. काही बोलू नका. तिच्या मांडीवर डोकं ठेवा. ती ओरडेल — “अरे, काय हे, केवढा झालास! पाय दुखतात माझे!” ओरडू दे. उचलवणार नाही तिला, हे खरं. पण हात डोक्यावर येतो की नाही, ते बघा.

आणि जिच्या मांडीवर डोकं ठेवायचं, ती गेली असेल, तर तिचं नाव मोठ्यानं घ्या. चारचौघांत. आत्ता, इथेच. मी थांबते.