मेंढरं कुठायत?

...अन् वरून मॅडम म्हणतात, ‘तो सुखी आहे!’ अहो, कसा सुखी? तुम्हीच सांगा. माणूस झाडाखाली बसलाय, बासरी वाजवतोय, डोळे मिटलेले, ओढा खळखळतोय... सगळं मान्य, पण मेंढरं कुठायत? अख्ख्या कवितेत मेंढपाळ आहे, मेंढरू एक नाय! अन् मी हे विचारलं तर मलाच नापास करतात!

तुम्हाला सांगतो, मी रामेश्वर, फुलंब्रीकडचा, मेंढरांमागं वाढलेला माणूस. शहरातल्या कॉलेजात एम.ए.ला मराठी घेतलं, अन् त्यात एक पेपर, नाव ऐका, ‘साहित्य : काळ, संस्कृती आणि जाणिवा’. काळ कळला, संस्कृती कळली, जाणिवा काय मला अजून जाणवल्या नायत. पण त्या पेपराला नेमकं लागलं काय? मेंढपाळांचं काव्य! देशोदेशीचं, अनुवाद केलेलं! म्हणलं, रामेश्वरा, लॉटरी लागली! बाकीच्या पोरांना शेळी कोणती अन् मेंढी कोणती कळत नाय, आपण पहिल्या बाकावर! छाती काढून बसलो की!

तर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मेंढपाळ, कुठल्याशा बेटावरचा, तो गातोय. चारशे वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या देशातला, तो प्रेमात पडून रडतोय. दीडशे वर्षांपूर्वीचा तिसरा, तो सूर्यास्त बघतोय. सूर्यास्त! अहो, त्या वेळेला मेंढरांमागच्या माणसाला मान वर करायला तरी सवड असते का? जाळी ठोकायची, मेंढरं कोंडायची, कोकरं आयांना लावायची, लंगडं मागं राहिलेलं खांद्यावर आणायचं... अन् हा बघतोय आभाळाकडं! काळ बदलला, संस्कृती बदलली, पण मेंढरं कुठायत? कुणी बोलायलाच तयार नाय!

पहिल्या खेपेला उत्तरपत्रिकेत मी हेच लिहिलं. चार पानं! नापास. सत्यशीला मॅडम, लई गोड बाई हां, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, ‘अरे रामेश्वर, तो खरा मेंढपाळ नव्हेच मुळी. ते प्रतीक आहे!’

घरी येऊन आबांना सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील मुंजाबा, तंबाखू मळता मळता थांबले. ‘परतीक? कोनाचा पोरगा?’ म्हणलं, पोरगा नाय आबा, प्रतीक. ‘व्हय व्हय, समजलं. पर मेंढरं त्याच्यावर सोडून मालक गेला कुठं? अन् ह्यो बासरी वाजवीत बसतो? लई बेकार गडी ठिवला!’ अन् लगेच, ‘हे बघ, औंदा पास झाला तर ठीक. नाय तर काठी घे अन् चल माझ्यासंगं.’

झालं! माझी सगळी जिंदगी त्या प्रतीकवर टांगलेली!

अन् साल कोणतं? दोन हजार सोळा! नुसती पाण्याची बोंब. अन् शहर तर फुलंब्रीच्या रस्त्यानं सरकत सरकत आमच्या माळापर्यंत आलेलं. प्लॉट पडले, फ्लॅटच्या स्कीमा उठल्या, ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून बोर्ड लागले. मेंढरांनी खायचं काय, बोर्ड? त्यातल्याच एका स्कीमीत आमच्या मॅडमनी फ्लॅट घेतला, वर्गात पेढे वाटले. ‘गॅलरीतून अगदी हिरवंगार दिसतं हं!’ दिसणारच की! गावाला टँकर आठ दिवसाला, तिथल्या हिरवळीला रोज!

त्या साली लेखी पार पडली, राहिली तोंडी परीक्षा. दुपारी दोनला. अन् सकाळीच आबांना टँकरवर जायचं निघालं. ‘दोन घंटे मेंढरं बघ. ध्यान ठिव, परतीकवानी नको करू.’ म्हणलं, आबा, मला सांगता? मी मेंढपाळ-काव्याचा अभ्यासक आहे! बाभळीखाली बसलो, पुस्तक उघडलं, मोठ्यानं वाचायला लागलो... अन् तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! खरंच कळलं! ऊन विसरलो, परीक्षा विसरलो, कोरड्याठाक माळावर ओढा ऐकू यायला लागला. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा गडी जसा काय शेजारी येऊन बसला. लई सुख वाटलं हो, डोळ्यांत पाणी आलं! पान उलटलं, मान वर केली...

मेंढरं कुठायत?

पळालो! तर त्या फ्लॅटवाल्या स्कीमीच्या कंपाउंडच्या फाटक्या तारेतून साठच्या साठ मेंढरं थेट हिरवळीवर! वर्षाची भूक काढत होती बिचारी. वॉचमन इब्राहीमभाई काठी आपटत नाचतोय, ‘अरे किसके बकरे हैं रे! हौला है क्या, दिमाग फिरा क्या? साब लोगां मेरेकू निकाल देंगे ना!’ म्हणलं, भाई, बकरे नाय, मेंढरं. कसल्याही वेळी चुकीचा शब्द आपल्याला चालत नाय! तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून आवाज, ‘अय्या! कुणाची ही मेंढरं? हाकला आधी!’ मी वर बघितलं. मॅडमनी खाली बघितलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. ‘रामेश्वर?’

तोंडातून निघून गेलं, ‘मॅडम, हे... प्रतीक आहे.’

दोन वाजता तसाच, अंगाला लोकरीचा वास, चपलेला लेंड्या, मॅडमपुढं हजर. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, नाकाला रुमाल. मॅडम म्हणाल्या, ‘सांग, कवितेतला मेंढपाळ सुखी का आहे?’ म्हणलं, मॅडम, कारण त्याला कुणी विचारत नाय, मेंढरं कुठायत. मॅडम खाली मान घालून हसल्या. मग हळूच, ‘...आणि आता कुठे आहेत मेंढरं?’ बघा! दोन हजार वर्षांत साहित्यातल्या माणसानं पहिल्यांदा विचारलं! म्हणलं, आबांपाशी. ‘नक्की ना?’ अन् टाकले मार्क. पास! म्हणजे काय, होणारच होतो!

आता मीच शिकवतो बरं का तो पेपर. तासाच्या पगारावर शिकवतो, पण शिकवतो. परवा असाच रंगात आलो होतो, बासरी, ओढा, डोळे मिटलेले... अन् आबांचा फोन. ‘किती पोरं हायेत रे तुझ्या वर्गात?’ म्हणलं, पटावर साठ. ‘अन् म्होरं?’ डोळे उघडले. चार. त्यातलं एक झोपलेलं. ‘मंग बाकीची कुठायत? कोन राखतंय त्यांना?’

म्हणलं, आबा, प्रतीक.