हार घातलेला फोटो

दिग्दर्शक म्हणून माझ्या पहिल्या, तेरा भागांच्या मालिकेची गंमत सांगतो. नायिकेचे वडील वारलेले, म्हणून भिंतीवर हार घातलेला फोटो हवा होता. अंधेरीच्या त्या सेटवर एकही नट स्वतःचा फोटो देईना. म्हणे, अपशकुन! शेवटी मी आमच्या बाबांचा फोटो टांगला. बाबा मुलुंडला धडधाकट होते, पण त्यांना विचारायचं राहिलं.

पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे चौघे पांढरे कपडे घालून भेटायला आले. दार बाबांनीच उघडलं.

मी घाबरतच घरी गेलो. लहानपणी मी सिनेमात कामं करायचो, तेव्हा माझ्या क्लोजअपसाठी हाच माणूस दिग्दर्शकांशी भांडायचा.

"बाबा, चुकलं माझं."

"ते सोड. मी तेराही भागांत आहे ना?"

"हो."

"मग एक तरी क्लोजअप घ्यायचास की रे!"

पुढच्या भागात घेतला, चांगला पाच सेकंदांचा. बाबांनी तो शांतपणे पाहिला.

"हार जरा बाजूला करायला हवा होता," ते म्हणाले. "अर्धा चेहरा झाकला गेला."